वकीलसाहेब गेले: त्यांची कामाची रीत इथे लिहून ठेवू या

काळीमाती

यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या तालुक्याच्या कोर्टात चाळीसेक वर्षं दिवाणी कामं पाहिलेले वकीलसाहेब गेल्या महिन्यात गेले. नाव मुद्दाम लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. ज्यांच्या वावराचे कागद त्यांच्या हातून गेले त्यांना कळलंच असेल.

भावपूर्ण श्रद्धांजल्या सगळ्या गटांवर येऊन गेल्या. इथे विनंती वेगळी आहे. त्यांची काम करायची एक ठरलेली रीत होती अन् ती कुठेच लिहिलेली नाही. कोणता अर्ज आधी, कोणती नक्कल कोणत्या कचेरीतून, किती दिवसांच्या आत, कुठे अडतं. ज्यांनी जवळून पाहिलं त्यांनी तेवढं लिहावं. आपापल्या केसची कहाणी नको, ती शेवटी भावकीच्या भांडणात जाते.

सुरुवात बाजाराच्या दिवसापासून करतो. त्या दिवशी सकाळी ८ ते १० ते घराच्या ओसरीत बसत. फी नाही, पण तोंडी काही ऐकत नसत. चार कागद लागत: चालू सातबारा, आठ-अ (खातेउतारा), नाव ज्या फेरफारानं (हक्कबदलाच्या नोंदीनं) चढलं किंवा उतरलं त्याची नक्कल, आणि गावनकाशाची प्रत. हस्तलिखित सातबाऱ्यावर फेरफाराचे आकडे वर्तुळात असतात. ते आकडे पेन्सिलीनं एकाखाली एक उतरवायचे, सगळ्यात जुन्यापासून आजपर्यंत. मग प्रत्येकासमोर दोन शब्द: वारस, खरेदी, वाटणी, बोजा. जिथे एका माणसाचं नाव गेलं पण का गेलं ते सांगणारा फेरफार सापडत नाही, तिथे खूण. निम्म्या लोकांना त्या खुणेवरच उत्तर मिळे अन् कोर्टाची पायरी चढावी लागत नसे.

नमुना_सहा

वारस नोंदीचं मी लिहितो, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या भांडणांचं मूळ बहुतेक वेळा तिथेच निघायचं.

माणूस गेल्यावर महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं असतं. हल्ली ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन सोयीवरून अर्ज जातो. सोबत मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ-अ. नोंद आधी गाव नमुना ६-क मध्ये, चौकशी होऊन वारस ठरले की नमुना ६ मध्ये फेरफार, मग नोटीस, हरकतीला १५ दिवस, आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याची सही. हरकत आली तर प्रकरण ६-अ मध्ये जातं.

अडतं कुठे?

पहिलं, नावाचा फरक. दाखल्यावर गणपतराव, सातबाऱ्यावर गनपत. साहेब सांगत की मृत्यू दाखला नोंदवतानाच सातबारा समोर ठेवा. नंतर दोन नावं एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करत बसण्यापेक्षा ते सोपं.

दुसरं, लेकींची नावं गाळणं. "तिचं लग्न झालं, ती काय येते वावरात" म्हणून वंशावळीत तिला दाखवतच नाहीत. प्रतिज्ञापत्र शपथेवरचं असतं. तिथे खोटं लिहिलं की पुढे दहा वर्षांनी फेरफार रद्द होतो, अन् तोवर जमीन गहाण पडलेली असते.

तिसरं, ए.कु.पु. जुन्या नोंदीत थोरल्या भावाच्या नावापुढे ही अक्षरं असतात, म्हणजे तो एकत्र कुटुंबाचा पुढारी म्हणून तिथे आहे. त्याच्या मरणानंतर त्याच्याच पोरांची नावं लागतात आणि धाकट्या भावाचं नाव उडतं. नवा उतारा काढताना ही तीन अक्षरं गळाली असतील तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडे लेखनदुरुस्तीचा अर्ज, सोबत जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल. तेच अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) च्या शेऱ्याचं. पोरगा पन्नाशीला आला तरी उताऱ्यावर आई पालनकर्ती म्हणून असतेच. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम निघाली तेव्हा ही कामं सोपी झाली, पण साहेब ती कितीतरी आधीपासून गावागावात यादी करून उरकत होते.

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, पांदनीचं (वावरात जायच्या रस्त्याचं) कोनी लिहिलं नाही म्हनून म्या लिहितो. साहेब पांदनीच्या केसमंदी पहिले एकच इचारत: "रस्ता होता का नोता?"

होता अन् आता कोनी काटे टाकून, नांगरून बंद केला, तं १९०६ च्या मामलतदार कोर्ट अॅक्टचं कलम ५. अर्ज तहसीलदाराकडे. पन अडवल्यापासून सहा महिन्याच्या आत. इथंच लोकं मरते. चार महिने सरपंचाकडे, दोन महिने पोलीस ठान्यात, अन् मंग तहसीलमंदी जाते तं मुदत गेली. म्हनून साहेब सांगे, बाकी कुठंबी जा, पन अडवला त्याच हप्त्यात तहसीलात लेखी तक्रार देऊन पोच घे. तारीख पक्की होते.

रस्ता कधी नोताच, तं मंग महसूल संहितेचं कलम १४३. त्यात धुऱ्याधुऱ्यानं (बांधाबांधानं) नवा रस्ता मागता येते. समोरच्याचं नुकसान कमीत कमी होईल असा. आता काही शहाने दोन्ही कलमं एकाच अर्जात टाकते. साहेब म्हने, एका तोंडानं "रस्ता होता" अन् दुसऱ्या तोंडानं "रस्ता नाही" म्हनशीन तं तहसीलदार तुयं काय ऐकन?

अन् हे बी: ज्याच्या ज्याच्या धुऱ्यावरून रस्ता जाते ते सगळे कास्तकार सामनेवाले पायजेत. एक सुटला तं आदेश वरच्या कचेरीतून वापस येते, अन् तवरोक पेरनी होऊन जाते.

धुऱ्यावरचा

ठेचाभाऊंच्या वरच्या मुद्द्याला जोड. गावनकाशा नुसता काढून उपयोग नाही, वाचता आला पाहिजे. गाडीरस्ता तुटक दुहेरी रेषेनं, पायवाट तुटक एकेरी रेषेनं दाखवलेली असते. पायवाटेची रेघ दाखवून ट्रॅक्टरचा रस्ता मागितला की अर्ज लंगडा होतो.

आणि विदर्भात अजून एक कागद आहे जो बाकी महाराष्ट्रातल्या वकिलांना ठाऊकही नसतो: निस्तार पत्रक. महसूल संहितेचं कलम १६१. गावाचं चराऊ रान, खळवाडीची जागा, गुरांचं पाणी, मसणवट, सरपण कुठून घ्यायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. कलम १६५ चं वाजिब-उल-अर्ज वेगळं, त्यात खाजगी जमिनीतून जाण्याच्या वहिवाटी, पाण्याच्या वहिवाटी. नकाशावर रस्ता नसला तरी वाजिब-उल-अर्जात सापडतो. साहेबांनी तालुक्यातल्या बऱ्याच गावांच्या या दोन्ही कागदांच्या नक्कला काढून गावाच्या नावानं लावून ठेवल्या होत्या. उर्दू-मोडी शब्द आले की बाजूला पेन्सिलीनं मराठी. हा संच तालुका वकील संघाच्या खोलीत ठेवावा, असं मला वाटतं.

धुऱ्याच्या भांडणात त्यांचा क्रम उलटा असे. लोक आधी मनाई हुकूम मागतात. ते आधी मोजणी मागत. भूमी अभिलेखकडे अर्ज (आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार), आणि तो फक्त स्वतःच्या गटाचा नाही. शेजाऱ्याच्या गटाचीही हद्द त्यात यावी म्हणून शेजाऱ्यालाच सोबत अर्ज करायला राजी करत. एकाच गटाच्या मोजणीवर अतिक्रमणाचा दावा टाकला की समोरचा म्हणतो, माझं मोजलंच नाही, आणि कोर्टाला पुन्हा कमिशनर नेमावा लागतो. वर्ष गेलं.

मोजणीची वेळ पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटल्यावर, एप्रिल-मे. तूर उभी असताना साखळी धरता येत नाही. पण आपल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात हातभर भेगा असतात आणि पावसात तीच जमीन फुगते, त्यामुळे वरवर रोवलेला दगड दोन पावसाळ्यांत कलतो. म्हणून खुणा दाखवल्या त्याच दिवशी अडीच-तीन फूट खड्डा, तळाला मुरूम ठोकून सिमेंटचा खांब, आणि दोन्हीकडच्या माणसांच्या सह्या असलेला पंचनामा. नंतर "क" प्रत (मोजणीचा नकाशा) मिळाली की तिच्यावर खांबांचे आकडे टाकायचे.

काळीमाती

रस्त्याचा आदेश झाल्यावर सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद घ्यायला ते विसरू देत नसत, हेही टाका. नाहीतर वावर विकलं गेलं की नवा मालक म्हणतो, मला रस्ता माहीतच नाही. २०२५ च्या शासन निर्णयानं तर शेतरस्त्याची अशी नोंद करायचीच आहे.

टंकलेखक

मी त्यांच्या कागदांवर काम केलं आहे, त्यामुळे फक्त कागदाचं सांगतो.

फी ते पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून देत. तीन हप्ते: दावा दाखल होताना, पुरावा सुरू होताना, निकालाला. कास्तकार असला तर हप्त्याची तारीख दिवाळीनंतर, कापूस विकल्यावर. प्रत्येक पैशाची पावती. कोर्ट फी, नक्कल फी, समन्सचा खर्च वेगळ्या रकान्यात, आणि त्याचा उरलेला पैसा परत. फी कमी घेत म्हणून लोक त्यांना चांगले म्हणतात, पण फार कमी घेत नसत हो. किती आणि कशाची ते आधी सांगत, एवढंच.

मूळ कागद ठेवून घेत नसत. झेरॉक्स काढायची, मुळाशी ताडून त्यावर सही-तारीख टाकायची, मूळ त्याच वेळी परत. कोर्टात मूळ दाखल करायची वेळ आली तर यादीसह, आणि निकालानंतर अपिलाची मुदत संपली की परत मिळवण्याचा अर्ज स्वतः टाकत. हा अर्ज नव्वद टक्के लोक विसरतात. खरेदीखत कोर्टाच्या दप्तरात पडून राहतं आणि पुढे बँक कर्जाला मूळ मागते.

प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प आणा म्हणून तहसीलच्या बाहेर आजही सांगतात. जात, उत्पन्न, रहिवासी दाखले आणि शासकीय कचेरी किंवा कोर्टापुढे द्यायची प्रतिज्ञापत्रं यांना २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. साहेबांनी त्या अधिसूचनेची प्रत ओसरीतल्या दाराला चिकटवली होती. 

दाव्यात क्षेत्र लिहिताना एक चूक फार होते. ०.४० हे.आर. म्हणजे ४० आर, म्हणजे जवळपास एक एकर. लोक चार एकर समजतात किंवा टंकताना ०.०४ करतात. म्हणून ते प्रत्येक क्षेत्र आकड्यात आणि अक्षरात, दोन्हीनं लिहायला लावत, आणि शेवटी सगळ्या तुकड्यांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळते का ते हातानं करून बघत.

पऱ्हाटी

चांगलं चाललंय, पण थोडं कडू लिहितो. साहेबांना तडजोडीची भारी हौस. लोकअदालतीत प्रकरण मिटलं की कोर्ट फी परत मिळते, निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, हे सगळं खरं. धुऱ्याच्या भांडणात ते बरोबरच. पण भाऊ-बहिणीच्या वाटणीत तडजोड म्हणजे बहुतेकदा बहिणीनं सोडणं. "माहेर तुटू नये" म्हणून तिनं हक्कसोड द्यायची, अन् वर साडी. आपल्या भागात अशा तडजोडी शेकड्यानं झाल्या आणि त्यांच्या टेबलावरही झाल्या. श्रद्धांजलीच्या भरात हे झाकू नये.

नमुना_सहा

पऱ्हाटी, मुद्दा रास्त. सुरुवातीच्या काळात तसं झालंही असेल. पण नंतर त्यांनी पद्धत बदलली होती, तीही नोंदवली पाहिजे.

बहिणीला भावांसोबत बोलवत नसत. वेगळ्या दिवशी, शक्यतो तिच्या सासरच्या गावी जाऊन किंवा नवऱ्यालाही बाहेर बसवून. तिला तीन गोष्टी सांगत. एक, २००५ च्या दुरुस्तीनं (९ सप्टेंबरपासून) लेक जन्मानंच सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच हक्कदार) आहे, आणि बाप त्या तारखेला जिवंत असायलाच हवा होता असं काही नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. दोन, आज बाजारभावानं तिच्या वाट्याची किंमत किती, आकड्यात. तीन, हक्कसोड एकदा नोंदणीकृत झालं की नुसतं "मन बदललं" म्हणून मागे घेता येत नाही. मग पंधरा दिवस थांबायचं. तरीही सोडायचंच म्हणाली तर कोणाच्या हक्कात सोडते ते नावानिशी लिहून.

आणि तलाठ्यापुढे जबाब देऊन हिस्सा सोडला, हे चालत नाही. स्थावराचा हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. तोंडी सोडलेल्या हिश्श्यावर पडलेले फेरफार त्यांनी आव्हान देऊन उलटवले आहेत, बहिणींच्या बाजूनं. बाईला फी द्यायची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज भरून देत. १९८७ च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. हे कित्येक वकीलही सांगत नाहीत.

पऱ्हाटी

हे माहीत नव्हतं. पंधरा दिवस थांबण्याची रीत बाकीच्यांनीही उचलावी.

ओसरी

शेजारचं घर, म्हणून घरातलं लिहिते. त्यांच्या घरच्यांना विचारून.

वडील गेले तेव्हा साहेबांनी वारसाच्या अर्जात दोन्ही बहिणींची नावं स्वतःच्या आधी लिहिली. जमीन वाटली नाही, कसणं त्यांच्याकडेच राहिलं, पण दरवर्षी हंगाम संपला की शाळेच्या दोनशे पानी वहीतून हिशेबाचं पान फाडून दोघींना पाठवत. डाव्या बाजूला बियाणं, खत, डवरणी, फवारणी, वेचाईची मजुरी. उजव्या बाजूला कापूस किती क्विंटल, कोणत्या तारखेला, काय भावानं. तूर किती पोती. घरात ठेवलेली तूर सुद्धा त्या दिवसाच्या भावानं लावलेली. खाली तीन भाग. तोटा झाला त्या वर्षी तोटाही तीन भागांत दाखवायचे, पण बहिणींकडून मागायचे नाहीत, पुढच्या वर्षात ओढायचे. बोंडअळीच्या साली, २०१७ ला, ते पान फार लहान होतं.

बाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर त्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून साहेबांनी यवतमाळची आणि नागपूर खंडपीठाची कामं सोडून दिली आणि फक्त तालुक्याच्या कोर्टापुरते राहिले. ११ ला कोर्ट, दीडला घरी, अडीचला परत, साडेपाचला घरी. तारखा मागताना सुद्धा हे वेळापत्रक धरून मागत.

दर दोन तासांनी कूस बदलायची. भिंतीवर खडूनं घड्याळाचे आकडे लिहिलेले आणि समोर डा, पा, उ: डावी, पाठ, उजवी. दुपारी मोलकरणीला तेच बघून कळे. कूस बदलताना टाच, माकडहाड, खुबा आणि खांद्याचं हाड बघायचं. कातडी लाल दिसली आणि बोटानं दाबल्यावर फिकी पडत नसेल तर त्या बाजूवर पुढचे तास ठेवायचं नाही. टाचेखाली उशी नको, पोटरीखाली हवी, म्हणजे टाच अधांतरी राहते. उजव्या हाताला धरून कधी उठवायचं नाही. लुळ्या बाजूचा खांदा ओढल्यानं निखळतो, आणि ते दुखणं मग पक्षाघातापेक्षा जास्त छळतं. पाठीमागून, काखेखाली न धरता, कमरेला सुती पट्टा बांधून त्यानं उठवायचं.

जेवण नेहमी ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली, घास डाव्या गालात. पातळ वरणाचा ठसका लागायचा, म्हणून वरण घट्ट, पाणी चमच्यानं. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. लोक प्रेमानं झोपूनच भरवतात आणि अन्न फुफ्फुसात जातं.

बाई तीन वर्षांनी काठी घेऊन ओसरीपर्यंत यायला लागल्या. बाजाराच्या दिवशी लोकांचे कागद लावून देण्याचं काम मग त्या डाव्या हातानं करत. पुन्हा मास्तरीणच. कोणी सातबारा घडी घालून खिशात कोंबलेला आणला की साहेबांआधी त्यांची बोलणी बसत.

वऱ्हाडी_ठेचा

बाईची बोलनी साऱ्या पंचक्रोशीनं खाल्ली हायेत. 🙏

कोतवाल_पंजी

जात पडताळणीच्या कामाबद्दल. कोर्टाचं काम नाही म्हणून बरेच वकील हात लावत नाहीत. साहेब जून-जुलैत दुसरं काही घेतच नसत, कारण पोरांचे प्रवेश.

पुरावा कोणत्या तारखेच्या आधीचा हवा, इथून सुरुवात: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्या आधीचा आजा-पणजाचा कागद शोधायचा. शाळेचा दाखला बऱ्याचदा नसतो, आजा शाळेत गेलाच नव्हता. मग विदर्भातला हमखास कागद म्हणजे कोतवाल पंजी, गावच्या कोतवालानं ठेवलेली जन्ममृत्यूची नोंद. तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. दुसरा, पण फक्त विमुक्त-भटक्यांना आणि इतर मागासवर्गाला चालणारा, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख.

नक्कल मागताना फक्त नाव देऊन भागत नाही. गाव, मौजा, अंदाजे साल, बापाचं नाव. पंजीत "गोविंदा वल्द सखाराम" (सखारामचा मुलगा गोविंदा) असं असतं, आडनाव नसतं, म्हणून वंशावळ आधी काढून प्रत्येक पिढीचा एकेक कागद त्याखाली टाचायचा. जन्माच्या नोंदीत पोराचं नावही नसतं, नुसतं "मुलगा". तिथे जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळवावी लागते. आणि पंजीतल्या पानावर कुणी नंतर वेगळ्या शाईनं काही लिहिलेलं दिसलं तर ती नक्कल वापरायचीच नाही, हा त्यांचा नियम. दक्षता पथक मूळ पंजी बघतं. एका खाडाखोडीपायी साऱ्या घराण्याचे दाखले अडकतात.

धुऱ्यावरचा

सावकारी राहिली. तीच त्यांची खरी लढाई.

आपल्याकडे सावकार व्याजाचा कागद करत नाही, सरळ खरेदी करून घेतो. तोंडी बोली अशी की पैसे फेडले की खरेदी परत. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याच्या कलम १८ खाली अशी जमीन परत मिळू शकते. अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, व्यवहार अर्जाच्या तारखेपासून मागे १५ वर्षांच्या आतला हवा. अपील विभागीय सहनिबंधकाकडे.

नुसतं "तो सावकार आहे" म्हणून होत नाही. साहेब पाच गोष्टी गोळा करत. खरेदीनंतरही ताबा शेतकऱ्याकडेच होता याचा पुरावा: पीक पाहणी, बियाण्याची बिलं, कापूस विकल्याच्या पट्ट्या. खरेदीखतातली किंमत आणि त्या सालचा शासकीय दर यातली तफावत. पैशाची देवघेव: बँकेत पैसे आले का, की नुसतं "रोख मिळाले" लिहिलंय. व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, डायरी, हल्ली फोनवरचे निरोप. आणि सगळ्यात दमदार: त्याच माणसानं तालुक्यात अजून किती जणांच्या खरेद्या केल्या त्याची दुय्यम निबंधकाकडची सूची. एकच माणूस दहा गावांत एकेक-दोनदोन एकर विकत घेत सुटला असेल आणि एकही वावर स्वतः कसत नसेल, तर अधिकाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

बिघडतं ते असं: शेतकरी आधी सावकाराशी "तडजोड" म्हणून नव्या स्टॅम्पवर लिहून देतो की खरेदी राजीखुशीची होती. तो कागद मग प्रत्येक कचेरीत आडवा येतो.

काळीमाती

याला लागून एक जड विषय, पण यवतमाळात टाळता येत नाही. घरातल्या कर्त्या कास्तकारानं स्वतःहून जीव दिला तर मिळणारी १ लाखाची मदत (३० हजार हाती, ७० हजार मासिक ठेवीत). साहेब अशा घरी तिसऱ्या दिवशी जात, भाषण न करता, फाईल घेऊन. प्रकरणं अपात्र ठरण्याची कारणं त्यांना पाठ होती: जमीन आज्याच्या नावावर आणि वारस नोंद झालेलीच नाही, कर्ज फक्त बिनपरवाना सावकाराचं, आणि पोलिसांपुढच्या पहिल्या जबाबात, रडण्याच्या भरात, कुणीतरी "पोटदुखीला कंटाळून" असं सांगून टाकलेलं. म्हणून जबाब देणाऱ्याला ते एवढंच म्हणत, जे खरं आहे तेच सांग, पण सगळं सांग, बँकेची नोटीस आली होती तीही सांग. बँक-सोसायटीचा थकबाकी दाखला त्याच आठवड्यात काढून घेत.

साप, वीज, करंट, फवारणीची विषबाधा यानं गेलेल्यांसाठी गोपीनाथ मुंडे अपघात योजना वेगळी, २ लाख, तालुका कृषी कचेरीत अर्ज. तिथे शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकला की प्रकरण अडकतं. गावात रात्री साप चावला, पहाटे जाळलं, संपलं. पोलीस पाटलांच्या बैठकीत जाऊन ते हे दरवर्षी सांगत.

बेंबळा_काठ

एक विचारू का? आमच्या सातबाऱ्यावर "भूदान" असा शेरा आहे. विकता येते का? साहेबांना विचारायचं राहून गेलं.

नमुना_सहा

साहेबांचं उत्तर एका शब्दाचं असे: नाही. विदर्भातल्या भूदान जमिनीला १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा लागतो. कसता येते, वारसाला जाते, विकता येत नाही. इसार देऊन बसलेले लोक त्यांच्याकडे येत तेव्हा ते इसार परत मागण्याचीच नोटीस काढत, खरेदीच्या मागे लागू देत नसत.

टंकलेखक

आता कामाची सूचना, कारण पुष्कळ जण फोन करत आहेत.

वकील गेला की त्याचं वकीलपत्र तिथेच संपतं. कोर्ट आपोआप दुसरा वकील देत नाही. तारखेला कोणी हजर नसेल तर दावा गैरहजेरीत निकाली निघू शकतो किंवा तुमच्याविरुद्ध एकतर्फी चालू शकतो. म्हणून:

ई-कोर्ट्स अॅपमध्ये सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून पुढची तारीख बघा. क्रमांक नसेल तर तुमच्या फीच्या पावतीच्या मागे तो लिहिलेला आहे, साहेब लिहीतच. तारीख पंधरा दिवसांच्या आत असेल तर नवीन वकील ठरेपर्यंत थांबू नका. स्वतः हजर राहून मुदतीचा साधा अर्ज द्या, कारण लिहा.

फायली बाई आणि थोरली लेक गावनिहाय लावत आहेत. लेकही वकील आहे, पण ती अमरावतीला प्रॅक्टिस करते आणि सगळी प्रकरणं घेणार नाही, तिनं तसं स्पष्ट सांगितलंय. फाईल नेताना आठ-अ किंवा आधार आणि फीची पावती आणा. घरच्या दुसऱ्या माणसाला पाठवत असाल तर पक्षकाराच्या सहीची चिठ्ठी लागेल. वाटणीच्या प्रकरणात भाऊ-भाऊ समोरासमोर आहेत, त्यामुळे हे सैल होणार नाही. नेताना पानं मोजा, यादीवर सही करा. ज्यांचा तिसरा हप्ता आगाऊ भरलेला आहे त्यांना तो परत मिळणार आहे, तशी चिठ्ठी साहेबांनीच फायलीत लावून ठेवली आहे.

बाजाराच्या दिवशी सकाळी ८ ते १०. सातबारा घडी न घालता आणा.